मांजराचं लेकरू आणि दुधाची वाटी

चैत्र सरत आला होता आणि परभणीच्या मोंढ्यातील हरभऱ्याची आवक ओसरू लागली होती, अशा एका दुपारी ओळखीच्या आडत दुकानातला हमाल बारदानाच्या थप्पीमागे सापडलेली दोन पिले खोक्यात घालून आमच्या दारी आला, आणि ‘भाटी कालपासून फिरकली नाही’ एवढीच कैफियत सांगून, आमच्या होकाराची वाट न पाहता, ती आमच्या हवाली करून निघून गेला. एक पिलू काळे आणि एक तिरंगी; डोळे उघडलेले पण धुरकट निळे; कान उभे राहण्याच्या खटपटीत आणि चार पाय चार दिशांना निघालेले. शेजारच्या आजींनी खोक्यात डोकावून तत्काळ निकाल दिला : “बगत काय बसलात? दूध ठिवा की वाटीत. मांजराचं लेकरू हाय ते!”

आम्ही दूध ठेवले. पिलांना वाटीतले पिता येईना, म्हणून कापसाच्या बोळ्याने पाजले. दूध गाईचे होते, ताजे होते, पाजणाऱ्या हातात मायाही होती. तथापि रात्र पडेपर्यंत दोघांनाही हगवण लागली आणि सकाळी काळे पिलू थंड आणि निपचित पडलेले आढळले. त्याच्या मृत्यूचा सारा दोष त्या दुधावर टाकणे न्यायाचे होणार नाही. ते आले तेव्हाच गार पडलेले होते, आणि गार पडलेल्या पिलाचे जठर व आतडी जवळजवळ थांबलेली असल्यामुळे त्याला प्रथम ऊब आणि नंतर अन्न हा क्रम मोडता येत नाही, हे आम्हांस ठाऊक नव्हते. उरलेल्या तिरंगी पिलाच्या निमित्ताने जे शिकावे लागले, ते इतरांस आधी कळावे एवढ्याचसाठी हा लेख.

या बाबतीत आपली भाषाच आपली दिशाभूल करते असे माझे मत झाले आहे. मांजर डोळे मिटून दूध पिते, दुधाच्या राखणीस मांजर बसवतात, आणि पंचतंत्रातील ढोंगी तपस्वी मांजराचे नावसुद्धा दधिकर्ण. इतक्या पिढ्यांची साक्ष एकमुखाने दुधाच्या बाजूने पडल्यावर मांजर मुळात दुधावर नव्हे तर मांसावर जगणारा प्राणी आहे, ही गोष्ट सांगायला गेले तर ऐकणारा मनुष्य आपल्याकडेच संशयाने पाहतो. मांजरीच्या दुधातील प्रथिनांचे प्रमाण गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक असते. गाईच्या दुधाने पिलाचे पोट फुगते, परंतु शरीर भरत नाही. आणि त्यातील दुग्धशर्करा पुरती पचली नाही की ती आतड्यात पाणी ओढून घेते, जंतू तिला आंबवतात, आणि जेमतेम पाव किलो वजनाचा तो जीव काही तासांत शुष्क होऊ लागतो. म्हशीचे दूध स्निग्ध असले तरी या कामी गाईच्या दुधाहून श्रेष्ठ नाही.

यासाठी मांजराच्या पिलांकरिता खास तयार केलेली दूध-भुकटी मिळते, ती मोठ्या औषधी दुकानांतून किंवा परगावाहून मागवावी. ती हाती येईपर्यंत एखादी रात्र निभावून नेण्यापुरते शेळीचे दूध व त्यात थोडा अंड्याचा बलक चालवून घेतात. पण ही तजवीज तात्पुरती आहे, तिला शिरस्ता होऊ देऊ नये.

दक्षिणेकडील वैष्णव आचार्यांच्या वादात मर्कटकिशोर आणि मार्जारकिशोर असे दोन न्याय सांगतात. माकडाचे पिलू आईला स्वतः घट्ट धरून असते. मांजराचे पिलू मात्र काहीच करीत नाही, आईच त्याला मानगुटीला धरून नेईल तिथे नेते. भक्तीच्या क्षेत्रात या दृष्टांताचे तात्पर्य काहीही असो, व्यवहारात त्याचा अर्थ असा की आईविना पिलू घरात घेणाऱ्याने आईची सर्व कामे, त्यांत सांगण्यास संकोच वाटावा अशीही, एकहाती पत्करलेली असतात.

त्यांतील पहिले काम उबेचे. परभणीच्या वैशाखात पारा चाळिशी ओलांडून बसलेला असताना उबेची गोष्ट काढणे हास्यास्पद वाटेल; परंतु घरात कूलर चालू असतो, खाली शहाबादी फरशी असते, आणि जन्मतः शंभर ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जुन्या मापाने पावणेदोन छटाक भरणाऱ्या पिलाला पहिले तीन-चार आठवडे स्वतःच्या अंगाची उष्णता राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्याभोवती ३० ते ३२ अंश तापमान लागते. खोके फरशीवर न ठेवता लाकडी पाटावर, कूलरच्या झोताबाहेर ठेवावे. गरम पाण्याची बाटली जुन्या वाकळेच्या तुकड्यात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवावी, म्हणजे फार उकडले तर पिलाला सरकायला दुसरा अर्धा भाग मोकळा राहतो.

दुसरे काम वजनाचे, आणि माझ्या मते हेच सर्वांत उपेक्षित. उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर आमच्या गल्लीत राहतात. पैगंबरांच्या ज्या साथीदाराच्या नावावर सर्वाधिक हदीस नोंदलेल्या आहेत त्या अबू हुरैरा यांच्या नावाचा अर्थच मुळी ‘मांजराच्या पिलाचा बाप’ असा होतो, हे त्यांनीच मला सांगितले. आणि घरातला छोटा वजनकाटा व एक कोरी वही आणून देऊन ‘रोजनामचा ठेवा’ असा प्रेमळ हुकूमही केला. पहिल्या दिवशी पिलू २५० ग्रॅम भरले. डोळ्यांचा रंग, दात आणि चाल यांवरून ते सुमारे तीन आठवड्यांचे असावे, म्हणजे वयाच्या मानाने बरेच कमी. निरोगी पिलू रोज दहा ते पंधरा ग्रॅम वाढते. ज्या दिवशी आकडा थांबतो त्या दिवशी सावध व्हावे आणि ज्या दिवशी तो उतरतो त्या दिवशी डॉक्टरांकडे निघावे, कारण पिलू रडून सांगण्याच्या कितीतरी आधी काटा सांगतो.

पाजण्याचे प्रमाणही त्याच आकड्यावर बसते. दर शंभर ग्रॅम वजनास दिवसाकाठी साधारण वीस मिलिलिटर, आणि एका वेळी शंभर ग्रॅमला चारपेक्षा अधिक नाही. म्हणजे आमच्या पिलाला दिवसभरात पन्नास मिलिलिटर, पाच-सहा वेळांत विभागून. पहिल्या आठवड्यातल्या पिलाला मात्र दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. दूध अंगाच्या उष्णतेइतके कोमट असावे. मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून पाहावा. आणि येथे एक घातक चूक सर्रास होते : तान्ह्या मुलाप्रमाणे पिलाला मांडीवर उताणे घेऊन पाजले जाते. तसे करता दूध श्वासनलिकेत उतरते आणि फुप्फुसांना सूज येऊन पिलू दगावते. पिलू पोटावर, आईला लुचताना असते तसेच, मान किंचित वर अशा स्थितीत ठेवावे, आणि सुई काढलेल्या सिरिंजने वा लहान बाटलीने, त्याच्या ओढीने जाईल तेवढेच द्यावे. मी घाईत एकदा दट्ट्या जरा जोराने दाबला, तिच्या नाकातून दुधाचा बुडबुडा आला, आणि पुढचा तासभर माझा स्वतःचाच श्वास नीट चालला नाही.

पाजून झाल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शेपटीखालचा भाग हलकेच पुसावा लागतो, कारण सुमारे तीन आठवड्यांपर्यंत पिलाला आईच्या चाटण्यावाचून लघवी व शौच होत नाही. पुढे एका पसरट घमेल्यात नदीची वाळू टाकून आमच्या पिलाला त्यात एकदाच उभे केले. तिने पायाने उकरून पाहिले आणि तो विषय कायमचा निकाली काढला. मनुष्याच्या मुलांना हे शिकवायला किती काळ लागतो याचा येथे उल्लेख करीत नाही.

चौथ्या आठवड्यापासून भुकटीच्या दुधात मऊ मांस किंवा पिलांसाठीचे तयार खाद्य कालवून बशीत देऊ लागावे, आणि आठव्या आठवड्यापर्यंत दूध पुरते सोडवावे. मग प्रश्न येतो तो आपल्या भाकरीचा. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून मांजराला घालणे ही मराठवाड्यातील घरोघरची चाल, आणि ‘आमची मांजरे त्यावरच जगली’ हा तिचा बिनतोड समजला जाणारा पुरावा. परंतु ती मांजरे त्यावर जगली नाहीत. माळवदाच्या घरांतून बळदे आणि कणगी धान्याने भरलेली असत, त्या धान्यावर उंदीर असत आणि उंदरांवर मांजरे असत. भाकरी हा भत्ता होता, पगार उंदरांत मिळे. आज सिमेंटच्या घरात तो पगार बंद झालेला आहे, आणि जिथे उंदीर आहेत तिथे बहुधा विषही टाकलेले असते, जे खाऊन अर्धमेला झालेला उंदीर खाणारे मांजरही मरते.

मांसातील टॉरिन नावाचा घटक माणसाचे शरीर स्वतः घडवते, मांजराला तो पुरेसा घडवता येत नाही. त्याच्या अभावी मांजराचा दृष्टिपटल झिजून अंधत्व येते हे १९७५ साली सिद्ध झाले, आणि हृदयाचे स्नायू सैल पडतात हे १९८७ साली. त्यानंतर जगभरच्या कारखानदारांनी मांजराच्या खाद्यातील टॉरिन वाढवले. दूधभाकरीत ते जवळजवळ नसतेच, आणि कुत्र्याच्या खाद्यात मांजराला पुरेल इतके असेलच याची हमी नाही. मांस द्यायचे तर मीठमसाल्यावाचून उकडलेले, हाडे काढून द्यावे. येसर घातलेला रस्सा कितीही लाडाने पुढे केला तरी त्यातील कांदा-लसूण मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतो. नुसत्या उकडलेल्या कोंबडीवरही पिलाची हाडे नीट भरत नाहीत, म्हणून तयार खाद्य हाच मुख्य आहार ठेवणे बरे. चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा थोडे थोडे द्यावे.

जनाबाईंच्या गंगाखेडचा हा जिल्हा; येथे माळकरी घरे पुष्कळ, आणि ‘आमच्या घरात अंडेसुद्धा येत नाही’ ही अडचण मला अनेकांनी सांगितली आहे. ती खरी आहे आणि आदरणीयही आहे. पण मांजराच्या गळ्यात तुळशीची माळ घालता येत नाही. पाकिटातले कोरडे खाद्य घरात आणणे ज्यांच्या मनाला पटते त्यांनी खुशाल मांजर पाळावे. ज्यांना तेही पटत नाही त्यांनी गाय पाळावी.

पाण्याचे भांडे अन्नापासून दूर, सावलीत ठेवावे. मांजराचे पूर्वज वाळवंटाच्या कडेचे, त्यामुळे त्याला तहान कमी लागते आणि उन्हाळ्यात त्याचे शरीर नकळत कोरडे पडते. फरशी पुसायचे फिनेल, तापावरची पॅरासिटामॉलची गोळी आणि कुत्र्यांच्या पिसवांवरचे पर्मेथ्रिन ही तिन्ही मांजराला विष आहेत, कारण त्यांचा निचरा करणारी यकृतातील व्यवस्था त्याच्या ठायी दुबळी आहे. आणि हा कापसाचा मुलूख असल्यामुळे आणखी एक : सुताची गुंडी पिलाला खेळायला देताना चित्र मोठे मोहक दिसते, परंतु गिळलेला दोरा आतड्याला चुणीसारखा ओढून कापत जातो.

परभणीला १९७२ सालापासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ही आपल्या जिल्ह्याची भाग्याची गोष्ट. लालकंधारी गाई आणि उस्मानाबादी शेळ्यांच्या रांगेत खोके पोटाशी धरून उभे राहताना प्रथम जरा ओशाळल्यासारखे होते, तेवढे सोसावे. आईच्या दुधावाटेच पिलांच्या पोटात जंत उतरतात, म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला, वजन करून, डॉक्टर सांगतील तेवढेच जंतनाशक. आठव्या आठवड्याच्या सुमारास संसर्गजन्य रोगांची पहिली लस आणि पुढे तिचे डोस. बाराव्या आठवड्यानंतर रेबीजची. लस न झालेल्या पिलाने चावले वा ओरबाडले तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ‘एवढंसं तर पिलू’ ही सबब रेबीजपुढे चालत नाही. आणखी एक मुदत चुकवू नये : भाटी पाच-सहा महिन्यांची होताच, कधी त्याआधीही, गाभण राहू शकते आणि जेमतेम नऊ आठवड्यांत विते, म्हणून पाचव्या महिन्यातच शस्त्रक्रियेची तारीख डॉक्टरांकडून घेऊन ठेवावी. आमच्या तिरंगीची त्याच सुमारास झाली.

त्या आधीच, पिले आल्यानंतर दहा-बारा दिवसांनी, तो हमाल पुन्हा भेटला होता. पिले नेली त्या रात्री भाटी थप्पीभोवती ओरडत फिरत होती, असे राखणदाराने त्याला सांगितले होते. ती पळून गेलेली नव्हती. दिवसा हमालांच्या वर्दळीला बिचकून दूर राहत असावी, किंवा पिलांना सात घरे फिरवण्यासाठी दुसरी जागा शोधत असावी. म्हणून विनंती एवढीच की कोनाड्यात, गंजीत, थप्पीमागे पिले दिसली आणि ती उबदार व शांत असली, तर त्यांना हात लावू नये. लांबून पहारा ठेवावा, एक रात्र जाऊ द्यावी, भाटीला खायला ठेवावे. घरी न्यायचीच असतील तर ती आठ आठवड्यांची झाल्यावर न्यावीत.