मोटारीच्या संगणकाची स्मृती : दोष कोणाचा?

इंजिनाला इंधन किती द्यावे, ठिणगी कोणत्या क्षणी पाडावी हे ठरविणारी एक छोटी पेटी आज बहुतेक मोटारींत असते. मेकॅनिक तिला ईसीएम म्हणतात. आपली स्मृती बिघडल्याचे ती स्वतःच कळविते. अमेरिकेत १९९६ च्या मोटारींपासून दोषसंकेतांची एक समान पद्धती सक्तीची झाली. तीतील पी ०६०१, ०६०३, ०६०४ व ०६०५ हे संकेत स्मृतीविषयीचे आहेत.

ते एकाच अर्थाचे नव्हेत, आणि घोटाळा येथेच होतो. ०६०१ हा बेरजेचा. रोजकीर्दीच्या पानाखाली बेरीज मांडावी, तशी आज्ञावलीतील आकड्यांची बेरीज पेटीत आधीच नोंदलेली असते. पेटी ती पुन्हा करून पाहते; जुळली नाही तर काहीतरी बिघडले एवढे कळते, कोठे ते कळत नाही. ०६०४ तात्पुरत्या स्मृतीचा : तेथे लिहिलेले आकडे वाचताना तसेच परत येत नाहीत. ०६०५ कायम स्मृतीचा. ०६०३ ची गोष्ट निराळी. इंजिनाच्या शिकलेल्या सवयी जपणारी ही स्मृती गाडी बंद असतानाही बॅटरीच्या अखंड पुरवठ्यावर तग धरते. बॅटरी काढली, क्षीण झाली, टोकांवर गंज चढला, की ती पुसली जाते. यात पेटीचा काय अपराध?

तरी ‘पेटी बदला’ हा सल्ला सर्रास मिळतो. माझ्या एका स्नेह्यांना तो मिळाला होता. पुढे अर्थच्या तारेचा बोल्ट सैल निघाला. नव्या पेटीचा खर्च मोठा, शिवाय तीत त्या गाडीची आज्ञावली भरावी लागते आणि पुष्कळ गाड्यांत किल्ल्यांची ओळखही पुन्हा करून द्यावी लागते.

म्हणून प्रथम संकेत कागदावर उतरवावेत; ते पुसले की दोषाच्या क्षणाच्या नोंदीही जातात. मग साधा मीटर घ्यावा. बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट, स्टार्टर फिरताना ९.६ च्या खाली नाही, इंजिन चालू असता साधारण १३.५ ते १४.५. नंतर दिवे व पंखा लावून पेटीची अर्थ आणि बॅटरीचे ऋण टोक यांमधील फरक मोजावा. तो एक-दोन दशांश व्होल्टहून अधिक असेल, तर तार आणि बोल्ट साफ करावेत. जोडणीत पाणी शिरले आहे काय, तेही पाहावे.

एवढे झाल्यावर संकेत पुसून गाडी पुन्हा चालू करावी. ०६०१ परतला, तर स्थिर पुरवठा जोडून आज्ञावली नव्याने भरावी. भरताना वीज खंडित झाली तर हाच दोष नव्याने उद्भवतो. त्यानंतरही तो टिकला, तरच पेटी बदलावी.