टाकाऊतून साकारणारे झुलते शिल्प

छत्रीच्या मोडक्या काड्या, डब्यांची झाकणे, नारळाच्या करवंट्या, फुटक्या बांगड्या यांची जागा उकिरड्यावर, असे आपण गृहीत धरतो. परंतु याच वस्तूंतून शाळेतील मुले एकत्र येऊन छतास टांगता येणारे, वाऱ्याच्या झुळकीने डोलणारे शिल्प घडवू शकतात.

अशा शिल्पास 'मोबाईल' म्हणतात. आज हा शब्द दूरध्वनीसाठी रूढ झाला असला, तरी कलाक्षेत्रात तो १९३१ मध्ये अलेक्झांडर काल्डर यांच्या हलत्या शिल्पांमुळे आला. हे अमेरिकन शिल्पकार (१८९८-१९७६) यंत्र अभियांत्रिकीचे पदवीधर होते. तार, बुचे व कापडाच्या चिंध्या यांतून त्यांनी एक चिमुकली सर्कस उभी केली होती. १९५५ मध्ये साराभाई कुटुंबाच्या निमंत्रणावरून ते अहमदाबादेस आले व तेथे त्यांनी काही शिल्पे घडविली. अहमदाबाद त्या वेळी मुंबई राज्यातच होते.

तोलाचे गणित

या शिल्पाचे मर्म तरफेच्या नियमात आहे. ३० सेंटिमीटर काडीच्या एका टोकास २० ग्रॅमची व दुसऱ्या टोकास ४० ग्रॅमची वस्तू बांधली, तर दोरा हलक्या वस्तूपासून २० व जड वस्तूपासून १० सेंटिमीटरवर बांधावा लागतो. काडीचे स्वतःचे वजनही असते. म्हणून अचूक बिंदू दोरा थोडा इकडेतिकडे सरकवूनच शोधावा.

शिल्प वरून टांगले जात असले, तरी बांधणी खालून सुरू होते. सर्वांत खालची काडी तोलून झाली, की ती वस्तूंसह वरच्या काडीच्या एका टोकास बांधावी आणि दुसऱ्या टोकास नवी वस्तू लावावी. खाली एक करवंटी बदलली, तरी वरच्या सर्व काड्यांचा तोल पुन्हा साधावा लागतो. म्हणून प्रत्येक गटास दुसऱ्या गटाच्या कामाची दखल घ्यावीच लागते.

घ्यावयाची दक्षता

पत्र्याच्या धारदार कडा मोठ्यांनी ठोकून बोथट कराव्यात. फुटकी काच, कीटकनाशकांचे डबे, औषधांच्या सुया व जुन्या बॅटऱ्या मुलांच्या हाती मुळीच देऊ नयेत. शिल्प विजेच्या तारा व पंखे यांपासून दूर, भक्कम तुळईस टांगावे.

सर्वांचा वाटा

एका शिल्पाने गावाचा कचरा संपणार नाही, हे उघड आहे. तथापि कचरा वेचताना मुले तो वेगळा करावयास शिकतात आणि हीच सवय पुढे घरी पोहोचते. पंचायतीने जागा व दोरा द्यावा. निवड मुलांवर सोपवावी. प्रदर्शन नीटनेटके दिसावे म्हणून एखाद्या लहानग्याची ओबडधोबड वस्तू बाजूस काढण्याचा मोह शिक्षकांना होईल. तो आवरावा. वस्तू हलकी असेल, तर ती टाकून देण्याचे कारण नाही. केवळ दोरा सरकवावा लागतो.