संडास घरात आला, पुढे काय?

चेंबूरजवळ, तेलशुद्धीकरण कारखान्यांना खेटून माहुलची प्रकल्पग्रस्त वसाहत आहे: 72 इमारती, 17,205 घरं. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या 2017पासून हटवल्या, तेव्हा हजारो कुटुंबं इथे आली. सार्वजनिक संडासासमोर रांग लावणाऱ्यांना 225 चौरस फुटांच्या घरात स्वतःचा संडास मिळाला. माहुलच्या विषारी हवेची चर्चा न्यायालयापर्यंत गेली. तुंबलेलं ड्रेनेज आणि इमारतींमधल्या चिंचोळ्या जागेत साचणारं घाण पाणी मात्र तिच्यामागे दडून राहिलं.

शहरी निकषाप्रमाणे माणशी रोज 135 लिटर पाणी लागतं आणि त्यातलं सुमारे 80 टक्के सांडपाणी होतं. घरटी पाच माणसं धरली, तर सगळी घरं भरल्यावर या वसाहतीतून रोज जवळपास 93 लाख लिटर सांडपाणी निघेल. ते आधी इमारतीच्या चेंबरमध्ये उतरतं, मग रस्त्याखालच्या मलवाहिनीत. खाडीकाठच्या सखल भागात पुरेसा उतार मिळत नाही, म्हणून पंपाने उपसून ते पुढे ढकलावं लागतं. मुंबईत रोज 2,464 दशलक्ष लिटर क्षमतेची सात नवी शुद्धीकरण केंद्रं होत आहेत. जानेवारी 2023मध्ये त्यांचं भूमिपूजन झालं. पूर्व उपनगरांच्या वाट्याला त्यातली घाटकोपर आणि भांडुप ही दोन.

पण केंद्र कितीही मोठं असो, वाट अडते ती चेंबरपाशी. आवारातली वाहिनी सोसायटीची, रस्त्याखालची महापालिकेची. पुनर्वसन वसाहतीत सोसायटीच धड उभी राहिली नाही किंवा तिच्याकडे पैसा नसला, तर आवारातल्या वाहिनीला वालीच उरत नाही. त्या वाहिनीत सॅनिटरी पॅड, चिंध्या, खरकटं पडलं की खालच्या मजल्याच्या संडासातून मैला उलटा वर येतो.

तुंबण्याची वाट न पाहता सफाई कशी ठरवता येते, हे सातारा जिल्ह्यातल्या वाईत दिसतं. तिथे मैला सेप्टिक टाक्यांत साठतो. टाकी भरून वाहू लागली की मगच गाडी बोलवायची, ही सगळीकडची रीत. वाई नगरपालिकेने 2018मध्ये ती बदलली. दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकी पाळीपाळीने रिकामी करायची आणि गाळ प्रक्रिया केंद्रात न्यायचा, असं वेळापत्रकच ठरवलं. घाईत बोलावलेली सफाई अनेकदा माणसालाच आत उतरवते. सुरक्षा साधनांशिवाय असं उतरवणं हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात मृत्यू झाल्यास 30 लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023मध्ये बजावलं.

माहुलसारख्या वसाहतींत घराची चावी देतानाच चेंबर कोण, कधी आणि कोणत्या यंत्राने साफ करणार, हे लेखी ठरवून द्यायला हवं. त्याशिवाय पुनर्वसन पूर्ण झालं असं म्हणू नये.