चित्राखालच्या ओळीतले दोन शब्द

गेल्या वर्षी लातूरहून पहाटेची एसटी पकडून नांदेडला गाईड मॅडमना सिनॉप्सिस दाखवायला गेले. पहिल्याच पानावर त्यांनी चित्राखालच्या ओळीतले दोन शब्द खोडले. ओळ होती, ‘लुईझ बूर्झ्वा यांचे सर्रिअलिस्ट एचिंग, १९४७’. उरलं काय, तर नाव आणि साल! तुम्हीही सिनॉप्सिस लिहीत असाल तर हे वाचाच.

आधी ‘एचिंग’. त्यात धातूच्या पत्र्यावर मेणासारखा थर देतात, सुईने खरवडतात आणि पत्रा आम्लात बुडवतात. रेघ आम्ल खोदतं. एनग्रेव्हिंगमध्ये आम्ल नाहीच. ब्युरिन नावाच्या टोकदार हत्याराने हातानेच धातू कापत जायचं. बूर्झ्वांच्या ‘ही डिसअपिअर्ड इनटू कम्प्लीट सायलेन्स’ या पुस्तकातली नऊ चित्रं मुख्यतः अशी कोरलेली आहेत. ओळखायचं कसं? रेघेचं टोक बघा. ब्युरिनची रेघ निमुळती होत संपते, आम्लाची बहुधा बोथट. न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयाने त्यांची छापचित्रं वेबसाइटवर ठेवलीत, मी मोबाईलवर झूम करून हे शिकले. तंत्राची नोंदही तिथेच होती. मी ती वाचली नव्हती, एवढंच.

‘सर्रिअलिस्ट’ हा शब्द जास्त अवघड. बूर्झ्वा पॅरिसच्या, १९३८ मध्ये लग्न करून न्यूयॉर्कला आल्या. युद्धामुळे ब्रेतों वगैरे मंडळीही तिथे पोचली. हेटर यांचा ‘आतलिए १७’ हा छापखानाही १९४० मध्ये पॅरिसहून तिथे आला, आणि बूर्झ्वा तिथेच काम करत. म्हणजे गोतावळा तोच. चित्रांत शिड्या आणि एकाकी उभ्या इमारती. सोबतच्या छोट्या गोष्टीही त्यांच्याच. एकीतला माणूस इतक्या भरभर बोलतो की कुणालाच काही कळत नाही. मला हे सगळं स्वप्नासारखं वाटलं आणि मी शिक्का मारून मोकळी झाले. त्या स्वतः मात्र तो शिक्का नाकारत राहिल्या, अस्तित्ववाद जवळचा मानत. अर्थात कलाकाराचा नकार हा शेवटचा पुरावा नव्हे. आपल्याबद्दल सोयीचं सांगणं त्यांनाही जमतं.

आता ओळ अशी आहे: ‘सर्रिअलिस्टांच्या सहवासात, पण त्यांच्यापासून अंतर राखून केलेलं एनग्रेव्हिंग’. लांबली खरी. पण व्हायवात कुणी विचारलं तर प्रत्येक शब्दामागे दाखवायला काहीतरी आहे.

पुढचं प्रकरण देवयानी कृष्ण यांच्या छापचित्रांवर. इंदूरच्या, मुंबईच्या जे.जे.त शिकलेल्या, पुढे दिल्लीत स्थायिक झालेल्या. तिथे मोबाईलवर भागणार नाही, तिकीटच काढावं लागेल.