बाटलीत न सापडणारं गोगलगायीत कसं मोजतात?

पिंपरी-चिंचवडला पिण्यासाठी पवनेचं पाणी रावेतच्या बंधाऱ्यावरून उचललं जातं. तिथे तुम्ही बाटलीत नमुना घेतलात, तर तो फक्त त्या क्षणाचा. कालचं सांडपाणी वाहून गेलं असेल, तर बाटली कोरी! पण काही सेंद्रिय रसायनं पाण्यापेक्षा चरबीत जास्त विरघळतात; पाण्यातल्या गोगलगायी, शिंपल्यांच्या अंगात ती साठत जातात. असे जीव वाळवून, द्रावकाने रसायन वेगळं काढून मोजतात. समजा, पाण्यात लिटरला १ मायक्रोग्रॅम आणि जिवात किलोला ३००० निघालं, तर साठवण ३००० पट. प्रयोगशाळेतल्या चाचणीत हा आकडा २००० च्या वर गेला, की युरोपच्या नियमांनुसार रसायन ‘जैवसंचयी’. मेख एकच: चरबीही मोजा. नाहीतर दोन ठिकाणांची तुलना करताना पाणी सारखंच असूनही जास्त चरबीचा जीव उगाच जास्त प्रदूषित दिसेल.