व्हीटीची खरी तारीख

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची, म्हणजे जुन्या व्हीटीची (व्हिक्टोरिया टर्मिनस), कहाणी सांगायची तर सगळे 16 एप्रिल 1853 पासून सुरुवात करतात. बोरीबंदर, तोफांची सलामी, 14 डबे, साहिब-सिंध-सुलतान ही इंजिनं आणि ठाण्यापर्यंतचा 34 किलोमीटरचा प्रवास. नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांची 1845 पासूनची खटपट त्या दिवशी फळाला आली. मात्र ही गाडी चालवणाऱ्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनीचा डोळा ठाण्यावर नव्हताच. तो घाटापलीकडच्या कापसावर होता. 1863 मध्ये बोरघाट आणि 1865 मध्ये थळघाट पार झाला, तेव्हा कुठे तिचं खरं काम सुरू झालं.

पैसा आला तशी बोरीबंदरला इमारतही तोलामोलाची हवी झाली. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या आराखड्यावर 1878 ते 1888 अशी दहा वर्षं काम चाललं. सोळा लाखांवर रुपये लागले. जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांनी दगडात पशुपक्षी आणि पानवेली कोरल्या. पण पर्यटक ज्याचे फोटो काढतात, तो घुमट आणि त्याखालचा जिना मुळात कंपनीच्या कचेरीचा. उतारूंच्या वाट्याला आलं बाजूचं तिकीटघर, तेही छतावर तारे रंगवलेलं! आजही घुमटाखाली मध्य रेल्वेचं मुख्यालयच आहे.

माझ्या मते या स्थानकाची खरी तारीख 3 फेब्रुवारी 1925. त्या दिवशी हार्बर मार्गाने कुर्ल्यापर्यंत देशातली पहिली विजेची गाडी धावली, 1500 व्होल्ट डीसीवर. व्हीटी हे शेवटचं स्थानक. वाफेची गाडी आत आली की इंजिन सोडवा, दुसऱ्या टोकाला आणा, पुन्हा जोडा. तोवर फलाट अडलेला. विजेच्या गाडीला दोन्ही टोकांना केबिन. मोटरमन उतरून पलीकडे गेला की गाडी परतीला तयार. मोजक्या फलाटांवरून इतक्या लोकल सुटू लागल्या त्या यामुळे. घाटकोपर-मुलुंडला बिऱ्हाड आणि फोर्टात नोकरी हे गणितही त्यातूनच जमलं. स्टीव्हन्सने दगड रचला. शहर लांबवलं ते या तारांनी.

1951 मध्ये जीआयपी मध्य रेल्वेत विलीन झाली, 1996 मध्ये स्थानकाला शिवछत्रपतींचं नाव मिळालं, 2017 मध्ये त्यात ‘महाराज’ जोडलं गेलं. 2004 चा जागतिक वारशाचा मान गर्दीला फारसा जाणवलाही नसेल, 8.12 ची लोकल चुकली तर वारसा काय कामाचा?

26 नोव्हेंबर 2008 ची रात्र मात्र कोणी विसरलेलं नाही. लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट पाहणाऱ्या लोकांवर अतिरेक्यांनी गोळ्या झाडल्या. स्थानकात पन्नासहून अधिक माणसं गेली. उद्घोषक विष्णू झेंडे यांनी आपली खोली न सोडता माइकवरून लोकांना धोक्याच्या बाजूपासून दूर वळवलं, म्हणून आकडा तिथेच थांबला.

1925 ची डीसी वीज 2016 मध्ये हार्बरवरूनही गेली आणि 25,000 व्होल्ट एसी आली. आता पुनर्विकासाचं काम निघालं आहे. त्यात घुमटाच्या रोषणाईपेक्षा फलाटांची रुंदी आणि बाहेर पडायच्या वाटा आधी बघाव्यात.