पांढरी, चावडी आणि ग्रामसभा

अण्णा हजारे यांचे राळेगणसिद्धी पारनेर तालुक्यात. या तालुक्याला लागूनच पुणे जिल्ह्यातला शिरूर तालुका आहे आणि तिथे घोड नदीच्या काठावर इनामगाव. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात इथल्या टेकाडांचे उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीचे, सातू पिकवणारे एक शेतकरी गाव मातीखालून वर आले. बहुतेक घरे एकाच खोलीची. त्यांच्यामध्ये एक घर मात्र पाच खोल्यांचे निघाले, त्याच्या शेजारी धान्याचे कोठार आणि जवळच नदीचे पाणी वळवण्यासाठी खोदलेला पाट. गावाचा मुख्य त्या घरात राहत असावा आणि कोठारातल्या धान्यावर त्याची देखरेख असावी, असा म. के. ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तर्क आहे.

आपल्या अवर्षणी मुलखातल्या गावकारभाराची ही सर्वांत जुनी खूण म्हणावी लागेल. पाणी कोणी वळवायचे आणि साठवलेले धान्य कोणाच्या हाती राहायचे, हे ज्याने ठरवले तो गावाचा कारभारी. पुढे हवामान कोरडे होत गेले, मोठ्या घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या आणि इसवीसनापूर्वी ७०० च्या सुमारास गाव उठले. पुढच्या प्रत्येक पिढीला हा धडा लागू पडला. दख्खनच्या पठारावर गाव वसवता येते, पण ते टिकते पाण्याच्या आणि साठ्याच्या बंदोबस्तावर.

मध्ययुगातले दख्खनी गाव आपल्याला कागदपत्रांतून चांगले दिसते. गावठाणाची पांढरी, भोवतीची काळी, चारी बाजूंनी शीव. पाटील, कुलकर्णी, चौगुला हे वतनदार आणि बारा बलुतेदार. गावातला तंटा गोतसभेपुढे यायचा आणि निवाडा महजरात, म्हणजे निवाडपत्रात, लिहिला जायचा. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला तेव्हा या गावव्यवस्थेने तो प्रभावित झाला होता. पुढे सतत ऐकू आलेल्या ‘स्वयंपूर्ण खेड्या’च्या चित्राला अशा अहवालांनीच रंग भरला. पण त्या चित्रात कोण कुठे बसले होते, ते नीट पाहिले पाहिजे.

शेती कसणाऱ्यांचे दोन वर्ग होते. एक मिरासदार, म्हणजे मूळ वसाहतकऱ्यांचा वंश सांगणारा, ज्याची जमीन पिढीजात होती. दुष्काळात तो परागंदा झाला आणि अनेक वर्षांनी परत आला तरी जमिनीवरचा त्याचा हक्क शाबूत राही. दुसरा उपरी. मागाहून आलेला, कराराने जमीन कसणारा, केव्हाही उठून जाऊ शकणारा आणि म्हणूनच गावाच्या निर्णयात आवाज नसलेला. महारांची स्थिती तर याहून विलक्षण. शिवेचा तंटा पडला की गावाची शीव कुठून जाते हे महारच दाखवायचा आणि त्याच्या साक्षीला वजन असायचे. तरीही त्याची वस्ती गावकुसाबाहेर आणि चावडीत त्याला बरोबरीची जागा नाही. बायकांचा तर प्रश्नच उद्भवत नव्हता. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’ लिहून या व्यवस्थेचा एकेक खिळा तपासला. ते पुस्तक आजही प्रत्येक सरपंचाने वाचावे असे मला मनापासून वाटते.

‘आधी आला तो मालक’ हे तत्त्व केवळ देशावरचे नव्हे. घाट उतरून किनाऱ्याने गोव्यात गेलो तर ते आणखी ठसठशीत दिसते. तिथल्या गावकऱ्या, ज्यांना पोर्तुगीज अमलात कोमुनिदाद हे नाव पडले, त्या मूळ वसाहत करणाऱ्या घराण्यांच्याच संस्था. खारी जमीन समुद्रापासून सोडवून खाजन शेते करायची, बांध घालायचे, भरती-ओहोटीचे पाणी मानशीच्या दरवाजांनी आत-बाहेर सोडायचे, हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. म्हणून जमीन सामाईक राहिली, तिच्या खंडातून देऊळ, बांध आणि गावचा खर्च भागला आणि उरलेल्यातून गावकारांना जोण, म्हणजे उत्पन्नातला हिस्सा, मिळाला. पोर्तुगीजांनी १५२६ मध्ये आफोन्सो मेशिया याच्या सनदेत हे जुने रिवाज नोंदवून घेतले. व्यवस्था फार कुशल होती. मात्र जोण मिळायचा गावकारांच्या पुरुष वंशजांना. त्याच गावात पिढ्यानपिढ्या राबणारा दुसरा माणूस गावाचा ‘गावकार’ कधीच होत नसे. अमेरिकेच्या किनाऱ्यावर मॅसॅच्युसेट्समध्ये सुरुवातीच्या वसाहतकऱ्यांनी सभेने कारभार चालवला, पण १६३१ पासून त्यातही मताचा हक्क चर्चच्या सभासदांपुरताच ठेवला. पाणी आणि जमीन सगळ्यांच्या कष्टाने सांभाळायची आणि निर्णय पहिल्या आलेल्यांनी घ्यायचा, ही गोष्ट जगात पुष्कळ ठिकाणी घडली आहे.

इंग्रजी अमलात गोतसभा ओसरली आणि गावाचे पुढारपण महसूल, मामलेदार आणि सावकार यांच्यात विभागले गेले. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली, तेव्हा पारनेर तालुकाही त्या आगीत सापडला होता. त्याआधी शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने सावकारावर बहिष्कार घातला होता. म्हणजे गावाची एकत्र येण्याची ताकद शिल्लक होती, मात्र ती वापरायला कायदेशीर व्यासपीठ उरले नव्हते.

स्वातंत्र्यानंतर ते व्यासपीठ परत मिळाले, पण वाद झाल्यावर. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खडसावले. खेडे हे संकुचितपणाचे, अज्ञानाचे आणि जातीयतेचे घर आहे, असे त्यांनी बजावले. त्यानंतरच्या चर्चेत पंचायतींचा उल्लेख मार्गदर्शक तत्त्वांत, चाळिसाव्या कलमात आला. बाबासाहेबांचा इशारा आणि चाळिसावे कलम, दोन्ही बरोबर आहेत असे मी मानतो. ज्या गावाने इशारा विसरून फक्त कलम वापरले, त्याच्या पंचायतीत जुनी पाटीलकीच निवडून आली. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा, जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासूनच्या. वंशपरंपरागत महसुली पाटीलकी १९६३ च्या पहिल्या दिवशी संपली. कागदावर मिरासदार आणि उपरी यांच्यातला भेद मतदार यादीने मिटवला. ज्याचे नाव यादीत, तो ग्रामसभेचा सभासद.

कागदावरचे हे हक्क राळेगणमध्ये १९७५ पर्यंत झोपलेलेच होते. पर्जन्यछायेतले गाव. पावसाची सरासरी ४०० ते ५०० मिलिमीटर, तीही बेभरवशाची. बागायत जेमतेम सत्तर-ऐंशी एकर आणि दारूच्या भट्ट्या तीस-चाळीस. यादवबाबांच्या देवळाचे लाकूडसुद्धा भट्ट्यांखाली जळाले, असे त्या काळाबद्दल सांगितले जाते. किसन बाबुराव ऊर्फ अण्णा हजारे सैन्यातली नोकरी संपवून गावात आले आणि भविष्य निर्वाह निधीच्या पैशांतून देवळाच्या डागडुजीला लागले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. मला त्यातला पुढचा तपशील अधिक मोलाचा वाटतो. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास गावात पाझर तलाव बांधलेला होता, पण तो गळत होता आणि त्यात पाणी ठरत नव्हते. गावकऱ्यांनी श्रमदानाने त्याची दुरुस्ती केली, तेव्हा खालच्या बाजूच्या सात विहिरींना उन्हाळ्यात पाणी राहिले. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग चालवला होता, त्याकडूनही राळेगणने शिकून घेतले. उतारावर समपातळीतले चर, ओढ्यांवर नाला बंडिंग, माथ्यावर झाडे. आज बागायतीचा आकडा हजार एकरांच्या पुढे सांगितला जातो, शिवाय कुकडी कालव्याचे पाणी उपसा योजनेने वर चढते.

पाणी अडवणे हे अर्धेच काम. ते वाटायचे कसे, यात गावाचा खरा कस लागतो. नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाने स्वीकारली. यातल्या चराईबंदीकडे बारकाईने पाहावे. डोंगरावर शेळ्या सोडणारा माणूस सहसा भूमिहीन किंवा अल्पभूधारक असतो. चराई बंद केल्याने वर गवत वाढते, खाली विहिरीला पाणी येते आणि त्याचा पहिला लाभ विहीरवाल्याला होतो. ज्याने शेळ्या आवरल्या त्याला काय मिळणार, हे ठरवल्याशिवाय ‘एकमताचा ठराव’ म्हणजे गरिबाच्या खिशातून काढलेली वर्गणी होते. राळेगणने गवत कापून न्यायची मुभा, गोठ्यातल्या गाई आणि दुधाचा धंदा या वाटेने त्याचे बरेचसे उत्तर शोधले. विहिरी सामाईक करून पाणीवाटपाच्या सोसायट्या केल्या, उसासारख्या जास्त पाणी पिणाऱ्या पिकाला आळा घातला. देवळात धान्य बँक काढली. ज्याला कमी पडेल त्याने नेऊन सुगीला थोडे वाढवून परत करायचे. इनामगावच्या कोठाराची जागा इथे गावाच्या सामाईक साठ्याने घेतली. तिथे किल्ली एका घराच्या हाती होती, इथे ती संस्थेकडे आली. माझ्या मते राळेगणची हीच सर्वांत मोठी कमाई. दलित कुटुंबांवर बँकेचे कर्ज थकले तेव्हा गावाने त्यांच्या शेतात श्रमदान करून ते फेडले, हेही त्याच प्रवाहातले काम.

आता दुसरी बाजूही स्पष्ट लिहिली पाहिजे. दारू पिणाऱ्याला खांबाला बांधून मारल्याचे अण्णांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे. मुकुल शर्मा यांच्यासारख्या अभ्यासकांनी राळेगणच्या कारभारातली एकछत्री शिस्त आणि दलितांवर लादलेले आचार यांवर कठोर टीका केली आहे. ती टीका गावद्वेष म्हणून झटकता येणार नाही. हेतू चांगला असला तरी मार हा ग्रामसभेचा ठराव होऊ शकत नाही. एका माणसाच्या शब्दाला गाव मान देते तेव्हा काम झपाट्याने होते, पण त्या शब्दाला ‘नाही’ म्हणणारा सभेत उठून बोलू शकला नाही, तर ती सभा जुन्या चावडीच्या फार पुढे गेलेली नसते.

राळेगणच्याच जिल्ह्यात नगर तालुक्यातले हिवरे बाजार आहे. पोपटराव पवारांनी १९९० च्या सुमारास तिथे काम उभे केले आणि पुढे पावसाळा संपल्यावर गावाच्या पाण्याचा ताळेबंद सभेत मांडायची रीत पाडली. किती पाणी जमिनीत मुरले, पिण्याला किती ठेवायचे, रब्बीला किती उरते, हे आकडे सगळ्यांसमोर आले की कुठले पीक घ्यायचे यावर वाद कमी होतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने तर बहुमताऐवजी सर्वसंमतीची वाट धरली आणि २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. तिन्ही गावांच्या तऱ्हा वेगळ्या, पण ताकद एकाच जागी साठलेली. निर्णय सभेत होतो आणि पैशाचा हिशेब सभेत वाचला जातो.

बिनविरोध निवडणुकीचे या गावांना फार कौतुक होते. जानेवारी २०२१ मध्ये राळेगणमध्ये बिनविरोधचे प्रयत्न फसले आणि मतदान झाले. हिवरे बाजारातही तब्बल तीस वर्षांनी मतपेटीची वेळ आली. अनेकांना ती आदर्शाची पडझड वाटली. मला तसे वाटत नाही. मतदानाने गाव फुटते असे म्हणणे म्हणजे गावाचा दम कमी लेखणे. पॅनेल दोन असावीत, प्रचार व्हावा आणि निकालानंतर दोघांनी एकाच पाझर तलावाचा गाळ काढायला यावे.

त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. महाराष्ट्रात ग्रामसभेला अधिक अधिकार देणारी दुरुस्ती २००३ मध्ये झाली. त्यासाठी आणि माहितीच्या अधिकारासाठी राळेगणमधून रेटा लावला गेला होता. आज कायदा काय देतो? २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांभोवती सभा. त्याआधी महिलांची स्वतंत्र सभा. सात दिवस आधी नोटीस. गणपूर्तीला मतदारांचे पंधरा टक्के किंवा शंभर जण, यांतला कमी आकडा. दारूचे दुकान बंद करायला महिलांच्या मतदानाची ‘उभी बाटली, आडवी बाटली’ ही सोय. पंचायतीत निम्म्या जागा महिलांना. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ऐंशी टक्के वाटा तर थेट ग्रामपंचायतीला मिळाला होता.

आणि प्रत्यक्षात? सभेच्या दिवशी नोटीस फलकावर कोपऱ्यात चिकटवलेली असते. दवंडी झालेली नसते. ठरल्या वेळी वीसेक माणसे जमतात, गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, या तरतुदीचा आधार घेऊन पुढच्या खेपेला पाच-सात जणांत सगळे विषय मंजूर होतात. इतिवृत्तात सूचक आणि अनुमोदक यांची नावे येतात आणि खाली ‘सर्वानुमते’ लिहिले जाते. सह्यांचे रजिस्टर नंतर घरोघरी फिरते. ग्रामसेवकाचे पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे, पण ‘अण्णा, इथे एक सही’ ही विनंती तशीच आहे. गावातली निम्मी कर्ती माणसे पुण्याला, रांजणगावच्या किंवा सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. वाड्या-वस्त्यांवर परराज्यातून आलेले मजूर. हे आजचे उपरी. मतदार यादीत नाव नाही म्हणून त्यांच्या नळाचा आणि मुलांच्या शाळेचा प्रश्न कुठल्याच सभेत येत नाही. पहिल्या वसाहतकऱ्याचा हक्क आपण कायद्याने संपवला खरा, पण मागाहून आलेल्याला बोलावण्याची रीत अजून पाडलेली नाही.

येत्या २६ जानेवारीला आपल्या गावात ग्रामसभा आहे. नोकरीनिमित्त बाहेर असाल तर त्या सुट्टीला गावी जा. झेंडावंदन झाल्यावर उठू नका. जमाखर्च वाचून दाखवा म्हणा, वित्त आयोगाचा पैसा कुठे गेला ते विचारा, गेल्या सभेचे इतिवृत्त मोठ्याने वाचायला लावा आणि तुमच्या बाजूला बसलेल्या बाईने बोलायला हात वर केला असेल तर तिला आधी बोलू द्या.